लेसॉर-लेसी, मॉर्गेजर-मॉर्गेजी: शब्दाच्या शेवटचा ‘ई’ नेमका कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या एका तरुणाला सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नुकतीच नोकरी लागली आहे. इंग्रजी कागदांत त्याला रोज लेसॉर-लेसी, मॉर्गेजर-मॉर्गेजी, डोनर-डोनी, ड्रॉअर-ड्रॉई-पेयी अशा जोड्या भेटतात. ‘शेवटी ई असेल तो घेणारा’ असा नियम त्याला कोणी तरी सांगितला. पण त्या नियमाने मॉर्गेजी म्हणजे कर्ज घेणारा ठरतो आणि त्याचे साहेब सांगतात की मॉर्गेजी म्हणजे आपली बँक. तो पुढे विचारतो, की ट्रस्टी, नॉमिनी, रेफरी, अ‍ॅब्सेंटी हे लोक काय घेतात? आणि तारणाच्या फॉर्मवर कर्जदार, मॉर्गेजर व गॅरेंटर अशा तीन वेगळ्या सह्या का असतात?

मी दस्तांचे मसुदे करतो आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना मसुदालेखन शिकवतो. हा गोंधळ इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांचाही होतो, त्यामुळे आपले इंग्रजी कच्चे आहे असे मनात आणू नका. तुम्हाला मिळालेला नियम अर्धा बरोबर आहे, आणि अर्धा बरोबर असलेला नियमच कागदावर जास्त फसवतो. दहापैकी आठ वेळा उत्तर बरोबर येते, विश्वास बसतो, आणि नवव्या वेळी गहाणखतात नावांची अदलाबदल होते. खरी अडचण ही की तुम्ही ‘कोण घेतो’ एवढेच विचारता. ‘काय घेतो’ हे विचारायचे राहून जाते.

आधी हा ‘ई’ आला कुठून ते पाहू, कारण त्यातच चावी आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची काही शतके तिथल्या वरिष्ठ न्यायालयांत फ्रेंच चालली. कोर्टात तोंडी कामकाज इंग्रजीत व्हावे यासाठी 1362 साली कायदा करावा लागला, तरी वकिलांच्या लेखणीतली फ्रेंच त्यानंतरही बराच काळ टिकली. आपल्याकडच्या कोर्टकचेऱ्यांत फारसी शब्द मुरले तसेच हे. त्या फ्रेंचमध्ये ‘केलेला’, ‘नेमलेला’, ‘दिलेला’ असा अर्थ दाखवणारा प्रत्यय होता. कायद्याच्या इंग्रजीत तो ‘ई’ होऊन बसला. म्हणजे मुळात हा ‘घेणारा’ दाखवणारा प्रत्यय नाहीच. क्रिया एकाने केली आणि ती दुसऱ्या ज्या माणसापर्यंत जाऊन पोचली, तो हा ‘ई’वाला.

मराठी माणसाला हे ओळखणे सोपे आहे, कारण आपली विभक्ती मदतीला येते. शब्दातली क्रिया काढा, तिचे मराठी वाक्य करा आणि ‘ला’ कोणाला लागतो ते पाहा. मालकाने कामगाराला नोकरीवर ठेवले, म्हणून कामगार एम्प्लॉयी. संस्थेने मुलाला प्रशिक्षण दिले, म्हणून मुलगा ट्रेनी. आजोबांनी नातीला घर बक्षीस दिले, नात डोनी. घरमालकाने दुकानदाराला जागा भाडेपट्ट्याने दिली, दुकानदार लेसी. व्याकरणात यातली काही माणसे द्वितीयेतली आणि काही चतुर्थीतली आहेत. इंग्रजीच्या अभ्यासकांना हा भेद समजावून सांगावा लागतो. मराठीत दोन्हीकडे ‘ला’च असल्यामुळे आपली कसोटी दोन्ही जातींच्या शब्दांना पुरते. क्वचित ‘ला’च्या जागी ‘वर’ किंवा ‘कडे’ येईल, तेही चालते. ट्रस्टी म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकला तो, आणि रेफरी म्हणजे ज्याच्याकडे वाद निर्णयासाठी पाठवला तो.

आता तुमचा मॉर्गेजी. वाक्य करा: कर्जदाराने बँकेला घर गहाण दिले. ‘ला’ बँकेला लागला, म्हणून बँक मॉर्गेजी. कर्ज घेतले तुम्ही, हे खरेच आहे, पण कर्ज ही दुसरी क्रिया आहे आणि तिचे शब्दही दुसरे आहेत: बॉरोअर आणि लेंडर. पैसे बँकेकडून तुमच्याकडे आले, मालमत्तेतला हक्क तुमच्याकडून बँकेकडे गेला. एकाच टेबलावर एकाच वेळी दोन उलट्या दिशांची देवाणघेवाण होते आणि ‘मॉर्गेज’ हा शब्द त्यातल्या मालमत्तेच्या दिशेबद्दलच बोलतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 58 हेच सांगते: हक्क हस्तांतरित करणारा मॉर्गेजर, ज्याच्याकडे तो जातो तो मॉर्गेजी.

तरीही शंका राहिली तर जुने मराठी गहाणखत काढून वाचा. आपल्या दस्तांत पक्षकारांना पिढ्यान्‌पिढ्या ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ म्हणत आले आहेत. गहाणखतात लिहून देणार म्हणजे घराचा मालक, लिहून घेणार म्हणजे सावकार किंवा बँक. रुपये कोणी मोजून घेतले याच्याशी त्या नावांचा संबंध नाही, दस्त कोणी कोणाला लिहून दिला एवढाच प्रश्न. विद्यार्थ्यांना मी इंग्रजी जोडी शिकवण्याआधी हीच जोडी शिकवतो. बहुतेक दस्तांत ‘ऑर’वाला लिहून देणार आणि ‘ई’वाला लिहून घेणार असतो. खरेदीखतात व्हेंडर लिहून देणार, व्हेंडी लिहून घेणार. बक्षीसपत्रात डोनर आणि डोनी तसेच. गहाणखतही त्याच रांगेत बसते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ही नावे माणसाला कायमची चिकटत नाहीत, ती त्या त्या दस्तापुरती असतात. कर्ज फिटले आणि बँकेने गहाण सोडून दिल्याचा दस्त केला, की त्या दस्तात बँक लिहून देणार होते आणि कालचा लिहून देणार आज लिहून घेणार. एमआयडीसीचा भूखंड घ्या. महामंडळ भूखंड साधारणतः 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. तिथे महामंडळ लेसॉर आणि कारखानदार लेसी. तोच कारखानदार आपला पट्ट्याचा हक्क बँकेकडे गहाण ठेवतो तेव्हा तो मॉर्गेजर. पुढे उरलेल्या मुदतीचा हक्क दुसऱ्याला विकला तर तो असायनर आणि घेणारा असायनी. म्हणून फाइल हातात आली की ‘हा माणूस कोण’ असे विचारू नका. ‘या कागदात हा माणूस कोण’ असे विचारा. (आणि बँकेत असाल तर महामंडळाची संमती फाइलला लागली आहे का, तेही त्याच वेळी बघा.)

‘घेणारा’ हा नियम सगळ्यात स्वच्छ मोडतो तो चेकवर. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्यात तीन माणसे आहेत. चेक लिहिणारा खातेदार ड्रॉअर. ज्याला पैसे द्यायचे तो पेयी. आणि ड्रॉई? ती बँक, जिच्यावर चेक काढला. आपण मराठीत सहज म्हणतो, ‘अमक्या बँकेवरचा चेक आहे’. ड्रॉई म्हणजे नेमकी ती ‘वर’ची बँक. तिला काही मिळत नाही, उलट पैसे तिलाच मोजावे लागतात. ‘ई म्हणजे घेणारा’ धरून चालणारा विद्यार्थी इथे ड्रॉई आणि पेयी एकच समजतो. चेक परत आल्यावर पेयीने बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवायची ती ड्रॉअरला, आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे तेही ड्रॉअरने. ही नोटीस ड्रॉईला गेली तर खटल्याचा पायाच राहत नाही.

सोनेतारणात पॉनर आणि पॉनी येतील. दागिना ठेवणारा पॉनर, बँक पॉनी. इथे वस्तू खरोखर बँकेच्या तिजोरीत जाते, त्यामुळे गोंधळ कमी होतो. 1872 च्या करार कायद्यानुसार पॉनीला थकबाकी झाल्यावर वाजवी नोटीस देऊन दागिना विकता येतो, पण तोवर साधारण शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळेल तितक्या काळजीने तो सांभाळणे तिच्यावर बंधनकारक आहे.

इथवर शब्द ओळखण्याबद्दल बोललो. यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण लोकांचे नुकसान तिथे होते. शब्दातला ‘ई’ एवढेच सांगतो की क्रिया कोणापर्यंत पोचली. त्या माणसाला हक्क काय मिळाला, हे तो सांगत नाही. ते कायदा सांगतो, आणि प्रत्येक शब्दाला वेगळे सांगतो.

लेसी आणि लायसेन्सी बघा. दोघेही दुसऱ्याच्या जागेत राहतात, दोघेही दरमहा पैसे देतात, दोघांच्याही शेवटी ‘ई’. पण लेसीला त्या जागेत हितसंबंध मिळतो, लायसेन्सीला फक्त वापराची परवानगी. महाराष्ट्रात घर भाड्याने देताना जो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो, त्यात राहणारा लायसेन्सी असतो. राहण्यासाठी दिलेल्या अशा जागेची मुदत संपल्यावर तो निघाला नाही, तर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली जागा लवकर परत मागता येते आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाईही लागते. भाडेकरूला काढण्याचा रस्ता याहून कितीतरी लांब. आता हे परिस्थितीवरही अवलंबून आहे. कागदावर नाव लायसन्स आणि प्रत्यक्षात जागेचा पूर्ण, एकट्याचा ताबा असे असेल, तर न्यायालय नाव बाजूला ठेवून व्यवहाराचा गाभा पाहते. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्येच मांडले. मुंबईत तर कायद्यानेच एकदा ही भिंत ओलांडली. 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्यांचे लायसन्स चालू होते, त्यांना तेव्हाच्या भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. जुन्या इमारतींच्या वादात ही तारीख आजही निघते. आणि करार अकरा महिन्यांचा असला तरी 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदवावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो चुकला तर अटींबद्दल जागा घेणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

दुसरा शब्द नॉमिनी. यावर घरोघरी भांडणे आहेत. खातेदाराने ज्याला नेमले तो नॉमिनी, इतकाच त्याचा अर्थ. लोक मात्र ‘माझे नाव नॉमिनी म्हणून आहे, म्हणजे पैसा माझा’ असे धरून चालतात. विमा पॉलिसीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1983 मध्ये स्पष्ट केले की नॉमिनी रक्कम स्वीकारतो, पण ती वारसांच्या वतीने. शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर 2023 च्या निकालात हीच दिशा कायम राहिली. बँकेच्या दृष्टीने सांगायचे तर ठेव नॉमिनीच्या हाती दिली की बँक मोकळी होते, पण वारसांचा नॉमिनीवरचा हक्क संपत नाही. काउंटरवर कोणी विधवा बाई किंवा एखादा मुलगा विचारायला आला, तर हे दोन वाक्यांत सांगा, फार उपयोग होतो. इथेही अपवाद आहे. विमा कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी, मुले यांना नॉमिनी केले असेल तर त्यांना लाभाचा हक्क देणारी तरतूद आली. आणि गृहनिर्माण सोसायटीत सभासद गेल्यावर नॉमिनीला तात्पुरते सभासदत्व मिळते, मालकीचा प्रश्न वारसाहक्काने सुटतो. म्हणजे एकाच ‘नॉमिनी’ शब्दाची तीन कायद्यांत तीन वजने.

ट्रस्टीचे याच्या उलटे. मालमत्ता कायद्याने त्याच्या नावावर असते, पण फायदा घ्यायचा तो बेनिफिशियरीने. मराठीत आपण त्याला विश्वस्त म्हणतो, आणि तो शब्द इंग्रजीइतकाच नेमका आहे.

अलॉटी हा शब्द अलीकडे फार दिसतो. 2016 च्या रेरा कायद्यात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्यात, ज्याला फ्लॅट किंवा भूखंड वाटप झाला किंवा विकला गेला, तो अलॉटी. त्याच्याकडून पुढे फ्लॅट विकत घेणाराही अलॉटीच. पण तोच फ्लॅट ज्याला भाड्याने दिला, तो कायद्याच्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. नुसत्या शब्दावरून हे कधीच कळले नसते. म्हणून कुठल्याही कायद्यात किंवा करारात पहिले पान व्याख्यांचे असते, ते सोडून पुढे जाऊ नका.

मुद्रांक शुल्काचाही या शब्दांशी थेट संबंध आहे. पक्षकारांनी वेगळे ठरवले नसेल, तर खरेदीखताचे शुल्क ग्रँटीने, म्हणजे ज्याला मालमत्ता मिळाली त्याने भरायचे. भाडेपट्ट्याचे लेसीने. गहाणखताचे मात्र दस्त करून देणाऱ्याने, म्हणजे मॉर्गेजरने. इथेही सगळे ‘ई’वाले एका पारड्यात नाहीत.

तुमच्या यादीतला अ‍ॅब्सेंटी राहिला. हा वेगळ्या घरातला. अ‍ॅब्सेंटी, रेफ्युजी, एस्केपी, रिटायरी, अटेंडी, बसमध्ये उभा राहणारा स्टँडी, यांच्यावर दुसऱ्या कोणी काही केलेले नाही. ते स्वतःच गैरहजर राहिले, पळाले, निवृत्त झाले. फ्रेंचमध्ये ‘स्वतःला आसऱ्याला नेणे’ अशा धर्तीची क्रियापदे असतात, त्यातून रेफ्युजी आला. 1685 साली फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट पंथीयांचे संरक्षण काढून घेतले गेले. तेव्हा इंग्लंडला पळून आलेल्या लोकांमुळे हा शब्द इंग्रजीत रुळला. पुढे अशाच धाटणीचे शब्द इंग्रजीने स्वतःही घडवले. या गटात ‘ला’ची कसोटी लावू नका. सुदैवाने दस्तांत हे शब्द जवळजवळ येत नाहीत. आणि कॉफी, रुपी, ज्युबिली, पेडिग्री यांच्या शेवटचा ‘ई’ हा प्रत्ययच नव्हे. गॅरेंटीलाही तसेच समजा: आजच्या बँक व्यवहारात ती हमी आहे, हमी देणारा माणूस गॅरेंटर.

उच्चाराचे एक लक्षात ठेवा. या जोड्या बोलताना शेवटच्या अक्षरावर जोर द्या. साहेब फोनवर ‘मॉर्गेजर’ म्हणाले की ‘मॉर्गेजी’, हे तेवढ्या एका अक्षरावर ठरते. शंका आली तर सरळ ‘गहाण देणार की घेणार’ असे मराठीत विचारा. त्यात कमीपणा नाही, मीही विचारतो.

शेवटी तुमच्या फॉर्मवरच्या तीन सह्या. एकच माणूस कर्ज घेतो आणि स्वतःचेच घर तारण देतो, तेव्हा कर्जदार व मॉर्गेजर एकच असतात आणि दोन ओळी वायफळ वाटतात. पण धंद्यासाठी कर्ज मुलाचे आणि घर वडिलांच्या नावावर, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. तिथे मुलगा बॉरोअर, वडील मॉर्गेजर, बँक मॉर्गेजी. वडील नुसते मॉर्गेजर असतील आणि फेडीची स्वतंत्र हमी त्यांनी लिहून दिली नसेल, तर त्यांची जबाबदारी त्या घरापुरती. घर विकून पैसे पुरले नाहीत, तर उरलेल्या रकमेसाठी त्यांच्या पेन्शनच्या ठेवीकडे बोट दाखवता येत नाही. त्यांनी गॅरेंटरच्या ओळीवरही सही केली की चित्र बदलते. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मग त्यांची इतर मालमत्ताही वसुलीच्या वाटेत येऊ शकते.

यात आणखी एक पेच आहे. कर्ज थकले आणि बँकेने 2002 च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारणातून वसुली करण्याच्या कायद्याखाली, 60 दिवसांची नोटीस काढली, की वडिलांनाही ‘बॉरोअर’ म्हणून नोटीस येते. ‘मी एक रुपया घेतला नाही, मी बॉरोअर कसा?’ असे ते विचारतात. त्यांचे म्हणणे नेहमीच्या भाषेत बरोबर आहे. पण त्या कायद्याच्या व्याख्येत जामीन देणारा आणि तारण देणारा हे दोघेही बॉरोअरमध्ये मोडतात. त्या नोटिशीतला शब्द त्या कायद्यापुरता खरा, आणि वडिलांची जबाबदारी किती हे मात्र त्यांनी कुठल्या ओळीवर सही केली त्यावरून ठरते. म्हणून सही घेण्याआधी फॉर्म त्यांच्याकडे वळवा, तिन्ही ओळींवर बोट ठेवून मराठीत सांगा की इथे कर्ज घेणारा, इथे घर गहाण देणारा आणि इथे फेडीची हमी देणारा सही करतो. मग त्यांना विचारा, यातले तुम्ही कोण? मंजुरीपत्रात त्यांची हमी मागितली नसेल तर तिसरी ओळ रेघ मारून रिकामी सोडा, आणि तिच्याशेजारी मुलगा व वडील दोघांच्याही लघुसह्या घ्या.